सव्वातीन फूट

बंदुकीच्या नळीच्या टोकाला बारीक उभा खिळा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेत ती माशी बसवायची आणि माशीच्या डोक्यावर निशाण ठेवायचं, झाला नेम. पोरासोरांचा डोळा खाच, माशी, निशाण या तिन्हींवर झरझर फिरतो. आमच्यासारख्याचा एकाच ठिकाणी अडून बसतो. त्यात दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून लांबचं लख्ख दिसतं, पार कालव्याच्या पुलावरून कुणाची मोटरसायकल आली ते ओळखतो. पण हातभर अंतरावरचं सगळं धुक्यात. म्हणजे निशाण दिसायचं आणि माशीच दिसायची नाही. घरात छऱ्याची बंदूक, गोदामात घुशी, आणि मी नुसता अंदाजानं चाप ओढणारा. दुर्बिणीचं खूळ डोक्यात शिरलं ते तिथून.

बंदूक खरं तर नातवाची. 2024 च्या ऑगस्टात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ पदक जिंकलं. आमच्या राहुरी तालुक्यातल्या वस्तीवर सगळे टीव्हीपुढं. नातू तेव्हा नववीत. त्यानं हट्टच धरला, मला बंदूक पाहिजे. मुलगा नाही म्हणाला, सूनबाई नाही म्हणाली, मग आजोबाचा खिसा होताच. हवेच्या बंदुकीला 4.5 मिलिमीटरच्या नळीपर्यंत आणि 20 ज्यूलच्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही, तशा पैकीच एक आणली. नळी मधून मोडायची, आत शिशाचा छर्रा घालायचा, नळी परत सरळ करायची. मोडताना आतली स्प्रिंग दाबली जाते, तीच पुढं छर्रा फेकते. दोन-तीन आठवडे पोरगं रोज अंगणात. मग चाचणी परीक्षा आली, मग मोबाईल आला, आणि बंदूक माझ्या खोलीत कपाटामागं आली. पोरांच्या हौशीचा शेवट घरातल्या म्हाताऱ्याकडंच येतो, मग ती सायकल असो, कुत्रं असो नाहीतर बंदूक.

मला तिचा उपयोग होता. आमच्या गोदामात सोयाबीनची, बाजरीची पोती असतात. घुशींनी खालून माती उकरून थप्प्या कलत्या केल्या होत्या. विष घातलं तर घूस कुठल्या तरी बिळात जाऊन मरते आणि पंधरा दिवस गोदामात उभं राहवत नाही. शिवाय एकदा विषानं आमचं मांजर गेलं, त्यावर घरातून मला जे ऐकावं लागलं ते मला पुरलंय. पिंजऱ्यात उंदीर सापडतो, जुनी घूस सापडत नाही, ती पिंजऱ्याला वळसा घालून जाते. तेव्हा रात्री कंदिलाएवढ्या उजेडात पोत्यावर बसायचं आणि वाट बघायची. पाखरावर मात्र मी बंदूक धरली नाही. कायद्याची भीती आहेच, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पोपट मारणं तर सोडाच, पिंजऱ्यात पाळणंसुद्धा गुन्हा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्या घराण्यात पाखरं हाकलायची असतात, मारायची नसतात.

माझं सगळं लहानपण ज्वारीच्या राखणीत गेलं. दाणा हुरड्यात आला की वावराच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधायचा. वर तुराट्या, त्यावर घोंगडी. दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढायचं, कारण भोरड्या दिवस उगवायलाच येतात. काळी-गुलाबी पाखरं, हजारांनी. एक ढग आल्यासारखा येतो, वावरावर कलंडतो आणि बघता बघता कणसं नुसती भुंडी. पुढं एका शिकलेल्या पाहुण्यानं सांगितलं की ही पाखरं मध्य आशियाकडून येतात आणि तिकडं टोळ खाऊन शेतकऱ्यावर उपकार करतात. म्हटलं, उपकार तिकडं आणि वसुली इकडं.

तर हातात गोफण. गोफणीचा गुंडा डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडला की शंभर-दीडशे पावलं जातो, आणि सुटताना दोरीच्या शेपटाचा जो कडाका होतो त्यानंच निम्मी पाखरं उठतात. आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गोफण शिकवताना नेमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं एकच, गुंडा घालायच्या आधी माळ्यावर उभं राहून चारी दिशांना बघायचं आणि हाळी द्यायची. खाली कोण गवताला आलंय, कोण बांधानं चाललंय, कुणाचं वासरू सुटलंय. हाळीला उत्तर आलं नाही तरी दुसऱ्यांदा द्यायची. एकदा मी हाळी न देता गुंडा सोडला. शेजारची म्हातारी खाली वाकून घोळूची भाजी खुडत होती, तिच्यापासून दहा हातांवर पडला. तिला कळलंसुद्धा नाही. नानांना कळलं. त्यांनी माळ्यावरून खाली उतरवलं आणि त्या हंगामात परत गोफण हातात दिली नाही. मी डबा वाजवत बसायचो. सोबतची पोरं हसायची.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पुढचं घडलं, म्हणून लिहितोय.

दुर्बीण पुतण्यानं आणली. तो पुण्याला नोकरीला. दिवाळीत त्यानं माझी तक्रार ऐकली आणि डिसेंबरात एक खोकं घेऊन आला. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच चाळीस मिलिमीटरची. मागची कडी फिरवली की चित्र लहान-मोठं होतं. दुकानदारानं त्याला सांगितलं म्हणे, मोठ्या बंदुकीवरची आहे, भारी चीज आहे. पाच मळसूत्रं आवळून बसवली. मी डोळा लावला आणि काय सांगू, माझा तर जन्मच परत झाला. माशी नको, खाच नको. आत एक बारीक काळी फुली, आणि फुली नि निशाण दोन्ही एकाच जागी, एकसारखी दिसणारी. म्हाताऱ्या डोळ्याला याच्याइतकी सोय दुसरी नाही. डोळ्याला तीनकडं धावायचं कामच उरत नाही.

पण मला तेवढ्यावर थांबता येईना. कडी होती, तेव्हा ती शेवटपर्यंत फिरवायची हा माणसाचा स्वभाव. ट्रॅक्टर घेतला की एकदा तरी सगळा रेस देऊन बघतोच की. नऊवर लावली आणि पंचवीस पावलांवरच्या डब्यावरची अक्षरं वाचली. डब्यावर मुंगी चालत होती ती बघितली. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. "आता यांना मुंग्या मारायच्यात," असं आमची घरची म्हणाली.

नऊवर काय काय अडचणी आहेत ते मला दिसत होतं, मी ते अडचणी म्हणून घेतलं नाही, एवढंच. एक तर निशाण सापडायचंच नाही. बंदूक उचलली की आत नुसतं गवत, नाहीतर बांधाचा एखादा दगड. डबा कुठंय ते हुडकत राहायचं. दुसरं, हाताचं कापणंही नऊपट. फुली डब्यावर जागेवर राहील तर शपथ. मी श्वास कोंडून, दात दाबून बसायचो. तिसरं, कडेनं चित्र अंधारायचं आणि जवळचं धुरकट दिसायचं. ही दुर्बीण लांब मारणाऱ्या बंदुकीसाठी जुळवलेली, शंभर यार्डांच्या हिशोबानं. वीस-बावीस यार्डांवर नऊपट करून बघितलं तर ती बिचारी काय करणार. आणि मी त्या अंधाऱ्या नळीत एक डोळा घालून, दुसरा गच्च मिटून, अर्धा-अर्धा तास.

जानेवारी 2025. संक्रांत झाली, दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी नवं काम काढू नये म्हणतात, मी दुर्बिणीचा मेळ घालायला बसलो. मेळ घालणं म्हणजे फुली दाखवते तिथंच छर्रा जातो का ते बघायचं आणि वरचे-बाजूचे दोन खिळे थोडे-थोडे फिरवत दोन्ही एकत्र आणायचे. बाजेवर गोधडीची घडी, तिच्यावर बंदुकीचा दस्ता. समोर पंचवीस पावलांवर दगडी बांध, बांधावर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा.

बांधापलीकडं आमचं दोन एकर पडीक. तिथं ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या. बीडकडची टोळी, दहा-बारा कोयते. मोठी माणसं पहाटे अंधारातच फडात जातात, कोपीवर उरतात ती पोरं, आणि पोरांना सांभाळणारी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी पोरं. त्यातला एक सात-आठ वर्षांचा पोरगा माझ्या डब्यांवर टपलेला असायचा, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी भोकं पडलेले दोन डबे त्यानं नेले होते, तारेनं बांधून गाडी केली होती. मी बघून हसलोही होतो.

त्या दिवशी मी हाळी दिली नाही. बंदूक लहान, छर्रा लहान, आपलंच वावर. चाप ओढला. डब्याचा "टण्ण" व्हायला पाहिजे होता, झाला "टक्". दगडाचा आवाज. मी दुर्बिणीतून डबाच बघत होतो, डबा जागेवर होता, म्हटलं खाली लागला, खिळा फिरवायला पाहिजे. खिळ्याला हात लावला आणि मग रडणं ऐकू आलं.

पोरगा बांधाच्या मागून, डब्यापासून पुरता दोन हातांवर उठून उभा राहिला. डाव्या डोळ्यावर हात. बोटांतून रक्त.

मी कसा पळालो ते मला आठवत नाही. बांधावरून उतरताना गुडघा फुटला होता तो रात्री समजला. पोराचा हात ओढून बाजूला केला. डोळा होता. डोळ्याखाली दोन बोटांवर, गालफाडाच्या हाडावर चिरलं होतं, छर्रा दगडावरून उडून चाटून गेला होता. डोळा होता हे मी किती वेळा मोजलं असेल, त्याला उघड-मीट करायला लावून. तो मला म्हणत होता, "डबा नगं मला, डबा नगं."

घरचीनं पदर फाडून बांधला. मुलानं गाडी काढली. फडातून त्याच्या आईला आणलं. लुगड्यावर नवऱ्याचा सदरा घातलेला, उसाच्या पात्यांनी हात ओरखडलेले, डोक्याची चुंबळ तशीच हातात. गाडीत ती पोराला मांडीवर घेऊन बसली, एक शब्द बोलली नाही. मी पुढं बसलो. मागं वळून सांगायचा दोनदा प्रयत्न केला, बाई, माझ्या हातनं झालं. तिनं मान हलवली. तिला आधीच समजलं होतं, पोरांनी सांगितलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ती त्याआधी म्हणाली, "पत्र्यानं कापलं साहेब. कोपीवरला पत्रा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघायचं कारण एवढंच, की पांढऱ्या कपड्यातला मी होतो आणि बिल मी देणार होतो. मी काही बोललो नाही. तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

ती म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई मालक. पोलीस आले असते तर चार रोज आमालाच बशीवलं असतं. खाडा पडला की मुकादम सोडतो व्हय? उचल फिटायची हाय आजून."

नवऱ्यानं संध्याकाळी दोघांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे घेतले, त्याहून जास्त दिले ते परत केले. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं फडात गेली. त्या डॉक्टरांकडं मी त्यानंतर दोनदा गेलोय, एकदा खोकल्यासाठी, एकदा गुडघ्यासाठी. सांगितलेलं नाही.

आठ दिवस बंदुकीला हात लावला नाही. मग एका दुपारी नातवाला घेऊन त्याच बाजेवर बसलो, बंदुकीत छर्रा नाही. बांधावर एकेका फुटावर उसाच्या कांड्या रोवल्या, वीस कांड्या. दुर्बीण नऊवर लावून मोजलं, गोलात किती कांड्या येतात. तीन पूर्ण आणि चौथीची कड. सव्वातीन फूट. मी दोन हातांवरचा पोरगा का बघितला नाही याचं उत्तर नातवानं पाटीवर लिहावं तसं वहीत लिहिलं: डबा मधोमध धरला तर त्याच्या प्रत्येक बाजूला फक्त दीड फुटाच्या वर थोडंसं. पोरगा तीन फुटांवर होता. गोलाच्या बाहेर होता, आणि दुसरा डोळा मी मिटलेला.

मग कडी तीनवर आणली. नऊ कांड्या आणि वर थोडं.

म्हणजे तीच दुर्बीण, तीच बाज. कडी उलटी फिरवली असती तर पोरगा मला दिसला असता. निदान त्याचं डोकं, निदान हलणारं गवत. हे मोजून झाल्यावर मला मोजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. नातू म्हणाला, "आजोबा, वही मी ठेवू का?" म्हटलं ठेव.

ती दुर्बीण पुढं फार टिकलीही नाही. छऱ्याच्या बंदुकीचा धक्का विचित्र असतो. आतला दट्ट्या पुढं धावतो तेव्हा बंदूक आधी मागं येते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढं झटका खाते. मोठ्या बंदुकीवरच्या दुर्बिणीला मागचा धक्का सोसायची सवय, हा पुढचा झटका तिला ठाऊक नसतो. दोन महिन्यांत आतली फुली तिरकी झाली, मग रोज नव्या जागी दिसायला लागली. भारी चीज खोक्यात गेली.

दुसरी मी स्वतः घेतली, नगरला जाऊन. दुकानदाराला म्हटलं, मला मोठं दाखवणारी नको, रुंद दाखवणारी दे, आणि छऱ्याच्या बंदुकीच्या झटक्याची असेल तीच दे. त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही समजत नाही. चारपटीची, बत्तीस मिलिमीटरच्या काचेची, कडी नसलेली मिळाली. मागची काच मोठी, त्यामुळं गोल ऐसपैस. घरी आणून पुन्हा कांड्या रोवल्या. सात पूर्ण, आठवीची निम्मी. जुनी तीनवर लावली असती तर नऊ होत्या, पण ती मोडली आणि हिला कडीच नाही. कडी नाही हेच मला बरं वाटलं. फिरवायचा मोह नको.

वर्षभर ती वापरतोय, तेव्हा दोन गोष्टी सांगतो, कुणाच्या उपयोगी पडल्या तर.

दुर्बीण डोळ्याला चिकटवायची नसते, तीन-साडेतीन इंच लांब ठेवायची. गोलाला चौफेर काळी कड दिसली की डोळा चुकीच्या जागी आहे, पुढं-मागं करून ती कड घालवायची. मग दुसरा डोळा उघडा ठेवायचा. पहिले चार दिवस डोकं गरगरतं, दोन चित्रं एकात एक मिसळतात, नंतर मेंदू आपोआप निवड करतो. नऊपटीला हे जमतच नव्हतं, दोन डोळ्यांतलं अंतर फार व्हायचं. चारपटीला जमतं. उजवा डोळा फुलीवर आणि डावा वावरावर. मी माळ्यावर असाच बसायचो की, एक डोळा कणसावर आणि एक वाटेवर.

संध्याकाळी फरक जास्त कळतो. मोठं करून बघितलं की उजेड तेवढाच आणि तो पसरतो, म्हणून चित्र मंद होतं. चारपटीत गोदामातल्या एका बल्बवर घुशीच्या मिशासुद्धा दिसतात. आणि मुख्य म्हणजे घूस कुठून निघाली, कुठं चालली ते दिसतं. घूस सरळ पळते आणि दोन-तीन वेळा थांबते. पूर्वी ती थांबायची तेव्हा मी तिला हुडकत असायचो. आता ती थांबायच्या आधीच माझ्या गोलात असते.

गोदामात एक हिशोब वेगळा ठेवावा लागतो. दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंचांवर बसलेली असते. वीस मीटरला मेळ घातला असेल तर पाच-सहा पावलांवर छर्रा फुलीच्या इंचभर खाली लागतो. तिथं थोडं वर धरायचं. मी सुरुवातीला तीन घुशींच्या पायाखालची माती उडवली तेव्हा हे लक्षात आलं. आणि आता दगड नाही, पत्रा नाही. गोदामात मागं मातीनं भरलेलं पोतं असेल तरच चाप. बाहेर मेळ घालायचा तर खतांच्या गोण्यांत माती भरून त्याची तीन थरांची भिंत केलीय, डबा तिच्यापुढं. आणि हाळी. गोदामातसुद्धा देतो. घूस पळून जाते, मग परत बसायचं अर्धा तास. आमची घरची म्हणते, "तुम्ही घुशींना आधी कळवता आणि मग मारता."

गेल्या भाद्रपदात गोलाच्या अगदी डाव्या काठाला, पोत्यांच्या फटीत, दोन चमकणारे ठिपके दिसले. घूस फुलीवर होती. चाप अर्धा दाबलेला. ठिपके मांजराचे होते, आणि तिच्या पोटाखाली तीन पिल्लं. मांजर त्याच घुशीवर टपून होतं. मी बोट काढून घेतलं आणि तिलाच काय करायचं ते करू दिलं. तिनं काही केलं नाही, घूस तिच्याएवढीच होती. दोघंही बघत राहिलो.

आमचे शेजारी म्हणतात, चारपट म्हणजे काय दुर्बीण झाली का, त्यापेक्षा चष्मा बरा. तेही खरं आहे. चाळीस-पन्नास पावलांवर बारीक निशाण मारायचं असेल तर हिच्यात ते दाण्याएवढं दिसतं आणि फुलीची जाड रेघ त्याला झाकून टाकते. ज्याला कागदावर गोल मारायचेत, मागं भिंत पक्की आहे, वाट बंद आहे, त्यानं खुशाल नऊपट लावावी. ऑलिंपिकमधली पोरं तर दुर्बीणच लावत नाहीत, बारीक भोकातून नेम धरतात. पण त्यांच्या बांधामागं कोपी नसते.

यंदा तीच टोळी आली. मला वाटलं होतं येणार नाहीत, कर्नाटकात जातील. आली. पोरगा हातभर वाढलाय. डाव्या डोळ्याखाली पांढरी रेघ आहे, हसला की ती वाकते. पहिले आठ दिवस तो आमच्या अंगणाकडं फिरकला नाही. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आमची घरची कोप्यांवर बाजरीच्या भाकरी अन् भाजी घेऊन गेली तर तिच्यामागं आला.

मी ओट्यावर बसलो होतो, दुर्बीण बंदुकीवरून काढून पुसत होतो. तो चार हातांवर थांबला. म्हटलं, "ये. नुसती काच हाय ही. बंदूक कपाटात कुलपात हाय."

त्यानं दुर्बीण हातात घेतली. आधी उलटी धरली, मी सरळ करून दिली. बांधाकडं बघितलं, कोप्यांकडं बघितलं, मग फडाकडं. फडाला तोड चालू होती, बैलगाड्या उभ्या होत्या. बराच वेळ बघत होता. मला वाटलं, आई दिसली असेल. म्हटलं, "काय दिसतंय रे?"

"समदंच दिसतंय," तो म्हणाला. "पर बारीक. ती दुसरी कुठंय, मुंगी दिसायची ती?"

"मोडली."

"मग डबे?"

डबे होते. चार होते, भोकं नसलेले. त्यानं एकेक वाजवून बघितला आणि चारही घेऊन गेला.